न परतलेल्या बॉम्बरचा माग: आधी रात्र, मग विमान, मग प्रत्येक माणूस

एखादे नाव हाती लागते. जुन्या पत्रात, थडग्याच्या फोटोत किंवा पदकामागच्या कोरीव अक्षरांत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बरवर असलेला कोणी तरी, मोहिमेवर गेलेला आणि न परतलेला. शोध घेणारा ते नाव इंटरनेटवर टाकतो, पहिल्या यादीत सापडलेला विमान-क्रमांक उचलतो आणि कोसळण्याची जागा नकाशावर लावून मोकळा होतो. अशा शोधांमधून चुकीच्या विमानात बसवलेली माणसे आणि चुकीच्या गावात पाडलेली विमाने तयार होतात. तीच माहिती पुढे दहा ठिकाणी नकलली जाते आणि मग ती पुसता येत नाही.

नावापासून सुरुवात करणे हीच मूळ चूक. एकाच आडनावाचे अनेक जण सापडतात, माणसाचा हुद्दा बदलतो, कधी सेवा-क्रमांकही बदलतो. ठरलेल्या रात्री ठरलेल्या तळावरून उडालेले एक विमान मात्र एकच असते. म्हणून क्रम असा ठेवा: रात्र, विमान, माणसांची यादी, प्रत्येकाचे काय झाले ते, त्यानंतर कारण आणि सर्वांत शेवटी जागा.

तयारी: वही, तक्ता आणि दोन शिस्ती

एका विमानासाठी एक तक्ता आखा. वरच्या ओळीत स्क्वाड्रन (हवाई दलाची तुकडी), तळ, विमानाचा प्रकार, नोंदणी-क्रमांक, विमानावरची अक्षरे, उड्डाणाची तारीख-वेळ आणि लक्ष्य. खाली प्रत्येक माणसासाठी स्वतंत्र ओळ: पूर्ण नाव, सेवा-क्रमांक, दल, विमानातले काम, हुद्दा, मृत्यूची नोंदलेली तारीख, थडगे किंवा स्मारक.

ओळी किती हव्यात ते विमानाच्या प्रकारावरून आधीच ठरवा. लँकेस्टर आणि हॅलिफॅक्समध्ये साधारण ७ जण, वेलिंग्टनमध्ये ५ किंवा ६, बर्मा आघाडीवरच्या लिबरेटरमध्ये बहुधा ८ किंवा जास्त, अमेरिकन बी-१७ मध्ये साधारण १०. नवा वैमानिक अनुभवासाठी जादा माणूस म्हणून जात असे, म्हणून एक ओळ मोकळी सोडा.

पहिली शिस्त: प्रत्येक माहितीपुढे ती कुठून आली आणि तो कागद घटनेनंतर किती दिवसांनी लिहिला गेला, हे नोंदवा. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलेली नोंद आणि १९४७ सालच्या चौकशीतली साक्ष दोन्ही कामाच्या आहेत, पण दोघींचे वजन वेगळे. दुसरी शिस्त: दोन कागदांत फरक आढळला तर एक खोडून दुसरे ठेवू नका. दोन्ही ठेवा. पुढे उत्तर बहुतेक वेळा त्या फरकातूनच मिळते.

टप्पा १: रात्र नक्की करा

रात्रीची मोहीम दोन तारखांवर पसरलेली असते. १६ मे १९४३ च्या रात्री जर्मनीतली धरणे फोडायला गेलेली १९ लँकेस्टर घ्या. ती निघाली १६ तारखेला, पण परत न आलेल्या ८ विमानांपैकी काही मध्यरात्रीआधी पडली, काही नंतर. अशा वेळी एका कागदावर १६ आणि दुसऱ्यावर १७ असणे ही चूक नव्हे. तक्त्यात नेहमी ‘१६/१७ मे’ असे लिहा आणि प्रत्येक कागदावरची तारीख शेजारी वेगळी ठेवा.

वेळेची गडबड त्याहून वाईट. ब्रिटनमध्ये १९४१ पासून युद्धकाळातल्या उन्हाळ्यांत घड्याळे ग्रीनिचपेक्षा दोन तास पुढे होती. भारतात सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धकालीन वेळ चालू होती, ती ग्रीनिचपेक्षा साडेसहा तास पुढे, म्हणजे आजच्या भारतीय वेळेपेक्षा एक तास जास्त. जपानी सैन्य टोकियोची वेळ वापरत होते, ग्रीनिचपेक्षा नऊ तास पुढे. म्हणजे बंगालमधल्या तळाची वेळ आणि जपानी नोंद यांत अडीच तासांचा फरक. जपानी कागदावर २ तारखेला पहाटे १:१० ला विमान पडल्याची नोंद असेल, तर तळाच्या घड्याळाप्रमाणे ती १ तारखेची रात्रीची १०:४० होते. तारीखच बदलली.

तपासणी: प्रत्येक वेळेपुढे कोणाचे घड्याळ ते लिहिले आहे का? ते कळत नसेल तर वेळ तशीच ठेवा, रूपांतर करू नका.

टप्पा २: विमानाचा क्रमांक, अक्षरे नव्हेत

ब्रिटिश विमानाला नोंदणी-क्रमांक असतो: एक अक्षर आणि चार आकडे, किंवा दोन अक्षरे आणि तीन आकडे, उदाहरणार्थ ईडी ९३४. हा क्रमांक त्या एकाच विमानाचा. त्याशिवाय विमानाच्या अंगावर मोठी अक्षरे असत, जसे एजे-के. पहिली दोन स्क्वाड्रनची, शेवटचे विमानाचे. विमान गेले की तेच शेवटचे अक्षर नव्या विमानाला मिळे, त्यामुळे ‘एजे-के’ वर शोध घेतलात तर दोन-तीन विमानांच्या गोष्टी एकात मिसळतात. बर्मा आघाडीच्या लिबरेटरवर अनेकदा एकच अक्षर असे. तिथे हा धोका जास्त.

क्रमांकासाठी पहिला कागद म्हणजे स्क्वाड्रनची मोहीम-नोंदवही. लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘एअर २७’ या मालिकेत या वह्या आहेत आणि त्या घरबसल्या उतरवून घेता येतात. शोधताना संकेत रोमन अक्षरांतच टाका. प्रत्येक महिन्याचे दोन भाग असतात. फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा सारांश. फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाणाची ओळ: विमानाचा प्रकार व क्रमांक, माणसे, काम, उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ, तपशील. हरवलेल्या विमानापुढे उतरण्याची वेळ कोरी असते आणि तपशिलात बहुधा एवढेच, की उड्डाणानंतर काही कळले नाही. बरेच जण फक्त ५४० वाचतात आणि क्रमांक नाही म्हणून हताश होतात. ५४१ उघडा.

दुसरा कागद फॉर्म ७८, विमानाचे हालचाल-कार्ड, लंडनच्या हेंडन भागातल्या आरएएफ म्युझियमकडे. विमान कोणत्या स्क्वाड्रनकडे कधी गेले ते त्यावर असते. ‘एफटीआर’ म्हणजे मोहिमेवरून परतले नाही, ‘एसओसी’ म्हणजे ताळेबंदातून काढले.

सावधान: ‘एसओसी’ पुढची तारीख कारकुनी आहे. विमान आधीच गेलेले असते, कागदावरून नंतर काढले जाते. भारतात आलेल्या विमानांची कार्डे फार त्रोटक असतात. ही तारीख पडण्याची तारीख म्हणून लिहिण्याची चूक सर्रास आढळते.

नोंदवहीतला क्रमांक टाइप करताना चुकू शकतो. म्हणून त्याच विमानाचे आधीच्या दोन-तीन आठवड्यांतले उड्डाण शोधा, आणि नंतरचेही. ‘हरवलेले’ विमान पुढच्या आठवड्यात पुन्हा उडताना दिसले तर क्रमांक चुकला आहे, शोध पुन्हा सुरू करा.

टप्पा ३: माणसांची यादी पूर्ण करा

फॉर्म ५४१ वरची यादी जशीच्या तशी उतरवा, स्पेलिंगच्या चुकांसकट. काही स्क्वाड्रन फक्त कॅप्टनचे नाव लिहीत. अशा वेळी बाकीची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या युद्धातल्या थडग्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर तारीख आणि स्क्वाड्रन टाकून काढा.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

हुद्दा: नोंदवहीत सार्जंट असलेला माणूस थडग्यावर ‘पायलट ऑफिसर’ या अधिकारी हुद्द्यावर असतो. बढती मंजूर होण्याआधीच तो मेला आणि ती मागच्या तारखेने लागू झाली. सोबत अधिकाऱ्याचा नवा सेवा-क्रमांकही आलेला असतो. ही दोन माणसे नव्हेत.

दल: ब्रिटिश स्क्वाड्रनमध्ये कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचे लोक मिसळलेले असत. कॅनडियन क्रमांकाआधी शिपायांना ‘आर’ आणि उड्डाण करणाऱ्या अधिकाऱ्यांना बहुधा ‘जे’ हे अक्षर असे. ही खूण जपून ठेवा, टप्पा ५ मध्ये तिचा सर्वांत जास्त उपयोग होईल.

भारतीय नावे: भारतीय हवाई दलाला ‘रॉयल’ ही उपाधी मार्च १९४५ मध्ये मिळाली, म्हणून दोन्ही नावांनी शोधा. आडनावाच्या जागी पहिले नाव किंवा वडिलांचे नाव असू शकते. शिंदे हे सिंदे किंवा शिंडे वाटावे अशा स्पेलिंगांनीही टाकून पाहा. ७ आणि ८ क्रमांकाच्या भारतीय स्क्वाड्रन बर्मात व्हेन्जन्स विमाने चालवत, त्यात फक्त दोन माणसे असत. तिथे आठ ओळींचा तक्ता आखू नका.

तपासणी: तक्त्यातल्या ओळी विमानाच्या प्रकाराशी जुळतात का? लँकेस्टरला ६ नावे मिळाली तर सातवा जिवंत राहिला असण्याची शक्यता आधी तपासा. थडग्यांच्या यादीत तो दिसणारच नाही.

टप्पा ४: थडगे की स्मारक

एकाच विमानातल्या माणसांची नोंद एकाच ठिकाणी असेल, असे गृहीत धरू नका. वर उल्लेखलेले ईडी ९३४ हॉलंडच्या किनाऱ्यावर वाडन समुद्रात पडले. ७ जण मेले, पण देह फक्त एकाचा मिळाला, मागच्या तोफचीचा, तोही महिन्याभराने. तो हार्लिंगेनच्या दफनभूमीत आहे. बाकी सहा नावे इंग्लंडमधल्या रनिमीड स्मारकावर, जिथे थडगे नसलेल्यांची नावे कोरली आहेत. हार्लिंगेन पाहून ‘विमान हार्लिंगेनला पडले’ असे लिहिले, तर ते चूक ठरते.

बर्माच्या बाबतीत वाचक हमखास चुकतात ते असे: टाऊक्यान इथल्या रंगून स्मारकावर नाव शोधतात, मिळत नाही, आणि नोंदच नाही असे ठरवतात. रंगून स्मारक भूदलासाठी आहे. बर्मावर किंवा बंगालच्या उपसागरावर हरवलेल्या आणि थडगे नसलेल्या हवाई दलाच्या माणसांची नावे सिंगापूर स्मारकावर, क्रांजी इथे आहेत. देह मिळालेले रंगून, टाऊक्यान, चितगाव, मैनामती, इंफाळ अशा दफनभूमींत.

पुण्यातल्या खडकीच्या युद्ध-दफनभूमीत हवाई दलाच्या माणसांची थडगी दिसतात. ती पश्चिम आणि मध्य भारतातल्या विखुरलेल्या थडग्यांतून एकत्र आणलेली आहेत. तिथल्या वैमानिकाचा मृत्यू सराव-उड्डाणातल्या अपघाताने किंवा आजाराने झालेला असण्याची शक्यता आधी विचारात घ्या. लढाईत पाडलेल्या विमानाचा माणूस म्हणून त्याची गोष्ट लिहू नका.

‘सामूहिक थडगे’ असा शेरा असेल तर देह वेगवेगळे ओळखता आले नाहीत. अशा सलग क्रमांकांवरची सगळी नावे उतरवा. तुमच्या यादीबाहेरचे नाव त्यात आले तर तो जादा माणूस असू शकतो.

टप्पा ५: ज्या फायली बहुतेक जण उघडतच नाहीत

माझ्या मते अख्ख्या शोधातला हा सर्वांत मोलाचा टप्पा, आणि तोच सर्वांत जास्त वगळला जातो.

यादीत एक जरी ऑस्ट्रेलियन असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘ए ७०५’ मालिकेत त्याची हानी-फाइल (मेलेल्या किंवा बेपत्ता माणसाची फाइल) शोधा. बऱ्याच फायली स्कॅन करून मोफत ठेवल्या आहेत. फाइल एका माणसाच्या नावाने असली तरी आत सगळ्या विमानाची कथा असते: कुटुंबाला गेलेली तार, कमांडिंग अधिकाऱ्याचे पत्र, बंदिवासातून सुटून आलेल्या सोबत्याची साक्ष, थडगी उकरून ओळख पटवणाऱ्या पथकाचा अहवाल. कॅनडियन असेल तर १९३९ ते १९४७ मधल्या मृतांच्या सेवा-फायली कॅनडाच्या अभिलेखागारात खुल्या आहेत. तुम्हाला हवा असलेला माणूस ब्रिटिश असला तरी त्याच्याबद्दलचे उत्तर सिडनीच्या किंवा विनिपेगच्या मुलाच्या फायलीत असते.

ब्रिटिश हानी-फायली क्यू इथे ‘एअर ८१’ मध्ये आहेत आणि टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत. सेवापत्रिकाही ब्रिटिश संरक्षण खात्याकडून क्यूकडे हलवल्या जात आहेत. अर्ज करण्याआधी ती सध्या कोणाकडे आहे ते पाहा.

अमेरिकन विमान असेल तर १९४३ पासूनचे हरवलेल्या विमानाचे अहवाल मागवा. त्यांत इंजिनांचे आणि मशीनगनचे क्रमांकही असतात, पुढे अवशेष ओळखायला ते उपयोगी पडतात.

युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाने बेपत्ता माणसांच्या शोधासाठी खास पथके नेमली होती. त्यांच्यापुढे ४१,८८१ बेपत्तांची यादी होती. ब्रिटिश ओळख-बिल्ले दाबलेल्या तंतूंचे असत, ते जळत आणि कुजत. म्हणून पथके धोब्याच्या खुणा, शर्टाच्या कॉलरचे माप, बूट, अंगठी, दात यांवरून ओळख पटवत. अहवालात असा तपशील असेल तर ओळख भक्कम. ‘उरलेला तो हाच’ अशा वजाबाकीने ठरवलेली ओळख कच्ची, तक्त्यात तसे लिहा.

सावधान: ‘मृत मानले’ हा सरकारी निर्णय आहे, बहुधा सहा महिन्यांनी घेतलेला. त्या निर्णयाची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे.

टप्पा ६: प्रत्येकाचे काय झाले, वेगवेगळे

विमान पडले म्हणजे सगळे त्यातच मेले, हे कागदाशिवाय लिहायचे नाही. कोणी हवाई छत्रीने उतरतो, कोणी पकडला जातो, कोणी पकडल्यानंतर मारला जातो. फ्लाइट सार्जंट स्टॅन्ली वुडब्रिज १५९ स्क्वाड्रनच्या लिबरेटरवर वायरलेस ऑपरेटर होता. ३१ जानेवारी १९४५ ला विमान बर्मात कोसळले. तो आणि आणखी पाच जण जपान्यांच्या हाती जिवंत सापडले. छळ झाला, आणि चार बिगर-अधिकाऱ्यांचा शिरच्छेद करण्यात आला. वुडब्रिजने वायरलेसची गुपिते शेवटपर्यंत सांगितली नाहीत. १९४८ मध्ये त्याला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. ‘३१ जानेवारीला विमान-दुर्घटनेत मृत्यू’ असे एका ओळीत लिहिणे म्हणजे या माणसांवर अन्याय आहे.

मृत्यूची तारीख विमान पडल्यानंतर काही दिवसांची असेल, किंवा एकाच विमानातले लोक दूरदूरच्या थडग्यांत असतील, तर युद्धगुन्ह्यांच्या फायली पाहा. क्यू इथे खटल्यांसाठी ‘डब्ल्यूओ २३५’, आग्नेय आशियातल्या तपासासाठी ‘डब्ल्यूओ ३२५’. शोधताना माणसाच्या नावाबरोबर गावाचे नावही टाका. ही पाने वाचायला अत्यंत जड आहेत. कुटुंबीयांना ती अचानक पाठवू नका.

टप्पा ७: कारण

‘परतले नाही’ याचा अर्थ ‘शत्रूने पाडले’ असा होत नाही. विमानवेधी तोफा, लढाऊ विमान, इंजिन बंद पडणे, इंधन संपणे, पावसाळी ढगांत सापडणे, टेकडीवर आदळणे, या सगळ्या शक्यता आहेत. धरणांच्या त्याच मोहिमेत ईडी ८६४ हे लँकेस्टर जर्मनीत मारबेकजवळ विजेच्या उच्चदाब वाहिनीच्या मनोऱ्याला धडकून गेले.

कारण लिहिण्यासाठी निदान दोन स्वतंत्र बाजू हव्यात. एक, त्याच रात्री उडालेल्या इतर विमानांची निवेदने. फॉर्म ५४१ वर तुमच्या विमानाची ओळ वाचून थांबू नका, त्या रात्रीची सगळी पाने वाचा. ‘अमुक वेळी डाव्या हाताला आगीचा गोळा पडताना दिसला’ असे शेजारच्या ओळीत सापडते. दुसरी, शत्रूची नोंद किंवा जमिनीवरची साक्ष. शत्रूच्या वैमानिकाचा दावा जुळवताना वेळ, जागा, विमानाचा प्रकार आणि त्या रात्री त्या भागात हरवलेल्या एकूण विमानांची संख्या, चारही तपासा. हरवलेली विमाने दोन आणि दावे पाच असतील तर तीन दावे कुठे तरी चुकले आहेत.

एकच बाजू मिळाली तर ‘कारण अनिश्चित’ असे लिहा. ते प्रामाणिक उत्तर आहे.

टप्पा ८: जागा

युद्धकाळातल्या अहवालात अक्षांश-रेखांश बहुधा अंश आणि मिनिटांतच असतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. तेव्हा नकाशावर टिंब नव्हे, निदान दोन किलोमीटरचा चौकोन काढा. आकड्यांचा ग्रिड-संदर्भ (नकाशावर आखलेल्या चौकटींवरून सांगितलेली जागा) असेल तर तो कोणत्या नकाशा-मालिकेचा ते आधी शोधा. भारत-बर्माचे जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या ‘एव्हरेस्ट’ नावाच्या जुन्या मापनावर आधारलेले आहेत, आजच्या मोबाइलवर तसेच टाकले तर जागा काहीशे मीटर सरकते.

नावे बदलली आहेत: अक्याब आता सित्वे, बसीन आता पाथेन, मोलमीन आता मॉलम्याइंग, पेगू आता बागो. एकाच नावाची खेडी अनेक असतात, म्हणून गावासोबत नदी किंवा रेल्वे-स्थानकाचा उल्लेख नसेल तर गाव नक्की झाले असे धरू नका.

तपासणी: तळापासून लक्ष्याकडे सरळ रेघ ओढा. सालबनी, डिग्री किंवा धुबुलिया इथून निघालेले विमान उड्डाणाच्या वेळेपासून त्या जागी तेवढ्या वेळात पोहोचू शकते का? लिबरेटरसाठी ताशी सुमारे ३०० किलोमीटर धरून ढोबळ हिशेब करा. उत्तर तासाभराहून जास्त चुकले तर वेळ, घड्याळ किंवा जागा, काही तरी चूक आहे.

टप्पा ९: अवशेष सापडले असतील तर

हात लावू नका. न फुटलेले बॉम्ब, ०.५० इंची काडतुसे, प्राणवायूचे सिलिंडर आणि रेडियमचा रंग लावलेल्या तबकड्या आजही घातक आहेत. मानवी अवशेष दिसले तर स्थानिक पोलिसांना आणि विमान ज्या देशाचे होते त्याच्या दूतावासाला कळवा. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी विमानांचे अवशेष संरक्षित आहेत, परवान्याशिवाय तिथे खणणे गुन्हा ठरतो.

दुरून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी किंवा ओळखीच्या मापाची वस्तू ठेवून. सिलिंडरची रचना पाहा: लिबरेटरची चारही इंजिने प्रत्येकी १४ सिलिंडरची, वर्तुळाकार मांडणीची, लँकेस्टरवर बहुधा १२ सिलिंडरचे मर्लिन इंजिन, सिलिंडर दोन रांगांत. जाळीसारखी विणलेली धातूची चौकट असेल तर वेलिंग्टनचा विचार करा. लिबरेटरच्या सुट्या भागांवरचे क्रमांक ‘३२’ ने सुरू होतात, पण त्यावरून फक्त प्रकार कळतो, विमान नव्हे. विमान ठरते ते इंजिन-क्रमांकावरून किंवा नोंदणी-पट्टीवरून. ब्रिटिशांनी वापरलेल्या लिबरेटरला अमेरिकन क्रमांक आणि ब्रिटिश क्रमांक असे दोन्ही असत. पट्टीवर एक मिळाला आणि तक्त्यात दुसरा असेल तर विमान वेगळे आहे असे म्हणण्याआधी दोन्हींची जोडी तपासा.

टप्पा १०: कुटुंबाला कळवताना

आधी एक छोटे पत्र: तुम्ही कोण, कोणत्या विमानाचा शोध घेतलात, आणि तपशील हवा आहे का एवढेच विचारा. मृत्यू कसा झाला ते पहिल्या पत्रात लिहू नका. त्यांनी होकार दिला की तक्ता पाठवा, प्रत्येक ओळीपुढे ‘कागदावरून’, ‘दोन कागदांत फरक’ किंवा ‘अंदाज’ असा शेरा ठेवून. मूळ कागदांच्या प्रती सोबत जोडा आणि त्यांच्याकडची पत्रे, लॉगबुक, फोटो यांचे दोन्ही बाजूंचे स्कॅन मागा. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली नावे फोटोतल्या माणसांची असू शकतात.